ॲम्बॉय आणि जुना रूट ६६ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनला निघालेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा आय-४० महामार्ग धरतात. बार्स्टोला कॉफी, नीडल्सला पेट्रोल, आणि मधलं सगळं मोहावे वाळवंट ताशी सत्तर-ऐंशी मैलांनी मागे पडतं. त्या मधल्या पट्ट्यात, महामार्गाच्या दक्षिणेला, ॲम्बॉय नावाचं गाव आहे. गाव लहान आहे, दर दशकात आणखी लहान होत आलंय, आणि माझ्या मते अख्ख्या कॅलिफोर्नियात एखादा रस्ता गावाला कसा जगवतो आणि कसा संपवतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. तिथे जाऊ पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

ॲम्बॉय नेमकं कुठे आहे आणि तिथे पोचायचं कसं?

कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत, बार्स्टो आणि नीडल्स यांच्या दरम्यान. नकाशावर ‘नॅशनल ट्रेल्स हायवे’ असं नाव दिसतं, तोच जुना रूट ६६, म्हणजे शिकागोहून पश्चिमेला येणारा पूर्वीचा महामार्ग. लॉस एंजेलिसपासून साधारण २०० मैल, म्हणजे साडेतीन तास धरा.

वाटा तीन आहेत. आय-४० वरून केलबेकर रोडला बाहेर पडून दक्षिणेला सुमारे ११ मैल आणि मग पश्चिमेला वळून आणखी ६-७ मैल. ही सर्वांत सोपी. दुसरी लडलोहून जुन्या रस्त्यानेच २८ मैल. ही खडबडीत, पण जुन्या रस्त्याची खरी चव हिच्यातच आहे, अर्थात ती चालू असेल तर. तिसरी दक्षिणेकडून, ट्वेंटीनाइन पाम्सहून ॲम्बॉय रोडने सुमारे ५० मैल. जोशुआ ट्री बघून लास वेगासला जाणाऱ्यांना ही तिसरी वाट सोयीची पडते. शीपहोल डोंगरांची खिंड चढून आलात की समोर मिठाचं पांढरं मैदान पसरतं आणि त्यापलीकडे काळा ज्वालामुखी. गाव त्या दोघांच्या मध्ये, नीट पाहिलं तरच दिसतं.

इतक्या उजाड जागी गाव वसलंच कसं?

रेल्वेमुळे. १८८३ मध्ये अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेचा मार्ग आखताना लुईस किंगमन या इंजिनिअरने स्टेशनांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं दिली. पहिलं ॲम्बॉय, मग ब्रिस्टल, केडिझ, डॅन्बी असं करत पूर्वेकडे जायचं. आजही एसेक्स, फेनर, गॉफ्स ही नावं नकाशावर ओळीने सापडतात. वाफेच्या इंजिनांना थोड्या-थोड्या अंतरावर पाणी लागायचं, रूळ सांभाळायला गँगमन लागायचे, म्हणून ही स्टेशनं. इथलं भूजल मात्र खारट. त्यामुळे पिण्याचं पाणी पश्चिमेकडच्या न्यूबेरी स्प्रिंग्जहून रेल्वेच्या टाक्यांमधून आणावं लागे.

१९२६ मध्ये शिकागो ते लॉस एंजेलिस असा रूट ६६ जाहीर झाला आणि तो याच रुळांच्या सोबतीने ॲम्बॉयमधून गेला. तिथून गावाचे दिवस पालटले.

मग ते ओस का पडलं?

रूट ६६ वरच्या गाड्या आजच्यासारख्या नव्हत्या. वाळवंटात रेडिएटर तापून पाणी उकळायचं, टायर फुटायचे, आणि एसी नसलेल्या गाडीत मुलाबाळांसह बसलेली माणसं सावली शोधत असायची. रॉय क्रोल यांनी १९३८ मध्ये इथे ‘रॉइज’ नावाने पेट्रोल पंप सुरू केला. पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी कॅफे, गॅरेज, मोटेलच्या खोल्या असा पसारा वाढवला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणूस गाडी काढून पश्चिमेला फिरायला निघाला, तेव्हा ‘रॉइज’चं गॅरेज आणि स्वयंपाकघर रात्रंदिवस चालू असे. गावात शाळा होती, चर्च होतं, पोस्ट होतं, काहीशे माणसं होती.

१९७३ मध्ये आय-४० उत्तरेकडून, डोंगरांपलीकडून सुरू झाला आणि रहदारी जवळपास एका दिवसात तुटली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाल्यावर जुन्या हायवेवरच्या हॉटेलांचं काय झालं ते आपल्याकडे अनेकांनी पाहिलंय. पण त्या रस्त्याकडेला गावं होती, शेती होती, कारखाने होते, तो जगला. ॲम्बॉयला रस्त्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. डिझेल इंजिनं आल्यावर रेल्वेला थांबायची गरज उरली नव्हती, आता मोटारींनाही उरली नाही. १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत महामार्गांच्या यादीतूनच काढला गेला. गावातली शाळा १९९९ मध्ये बंद झाली.

गाव दुष्काळाने किंवा खाण संपल्याने उठलं असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. लोकांना थांबावं लागत होतं तोवर ते जगलं. म्हणूनच तुम्ही तिथे थांबता, दोन वस्तू विकत घेता, याला त्या गावाच्या हिशोबात खरोखर किंमत आहे.

अणुबॉम्ब फोडून इथे महामार्ग काढणार होते, हे खरं आहे का?

खरं आहे. १९६३ मध्ये ‘प्रोजेक्ट कॅरिऑल’ नावाचा प्रस्ताव पुढे आला. अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग, कॅलिफोर्नियाचं महामार्ग खातं आणि सांता फे रेल्वे यांनी मिळून ॲम्बॉयच्या उत्तरेच्या ब्रिस्टल डोंगरांत २२ अणुस्फोट करून रस्ता आणि रूळ यांच्यासाठी खिंड पाडायचं ठरवलं होतं. ‘शांततेसाठी अणुस्फोट’ या त्या काळच्या मोहिमेचाच तो भाग. सविस्तर अभ्यास झाला, आराखडे झाले, आणि काही वर्षांत बेत गुंडाळला गेला. शेवटी आय-४० साध्या सुरुंगांनी डोंगर फोडूनच बांधला. आय-४० वरून ब्रिस्टल डोंगर ओलांडताना हे आठवलं की अंगावर काटा येतो.

ॲम्बॉयचा मालक एकच माणूस आहे म्हणतात. गाव विकत कसं घेता येतं?

इथल्या जवळजवळ सगळ्या इमारती आणि जमीन बरिस कुटुंबाच्या मालकीची होती. बस्टर बरिस यांनी म्हातारपणी ती विकली. नव्या लोकांना ते झेपलं नाही आणि २००५ मध्ये ती पुन्हा बरिस यांच्या पत्नीकडे आली. त्याच वर्षी अल्बर्ट ओकुरा यांनी सबंध गाव ४ लाख २५ हजार डॉलरला घेतलं. ओकुरा हे ‘हुआन पोयो’ या चिकन रेस्टॉरंटच्या साखळीचे संस्थापक. सॅन बर्नार्डिनोमधली मॅकडॉनल्ड्सची मूळ जागाही त्यांनीच घेऊन तिथे खासगी संग्रहालय केलं होतं. गाव जपायचं आणि रॉइज पुन्हा उघडायचं असा शब्द देऊन त्यांनी व्यवहार केला. २००८ मध्ये पंप सुरू झाला, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मोठी निऑन पाटी पुन्हा पेटली. २०२३ च्या जानेवारीत ओकुरा गेले. आता त्यांचा मुलगा हे काम बघतो.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. जिथे प्यायचं पाणीसुद्धा बाहेरून आणावं लागतं, तिथे पैसे परत मिळण्याची घाई करून चालत नाही. त्यांनी ती केली नाही.

म्हणजे हे ‘घोस्ट टाउन’, म्हणजे माणसं सोडून गेलेलं ओसाड गाव, नाही?

नाही, आणि कृपा करून तसं समजून जाऊ नका. पंप चालवणारी माणसं आहेत, मिठाच्या कामावरची माणसं आहेत, रूळ सांभाळणारी आहेत. वस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असेल, पण आहे.

रॉइजमध्ये बघण्यासारखं काय आहे?

आधी पाटी. १९५९ मध्ये उभारलेली, ५० फूट उंच. लाल रंगाचा मोठा बाणासारखा त्रिकोण, त्याखाली ‘मोटेल’, ‘कॅफे’ अशी अक्षरं. भरधाव गाडीतल्या माणसाच्या नजरेत मैलभर आधी भरावी म्हणून ती अशी आहे. त्या काळी रस्त्याकडेच्या इमारतींत ही झोकदार शैली जोरात होती, तिला गूगी म्हणतात. सपाट मैदान आणि दूरवर सरळ जाणारा रस्ता असल्यामुळे ही पाटी अजूनही आपलं काम चोख करते.

मग मोटेलचं स्वागतकक्ष. एका बाजूने वर झेपावलेलं तिरपं छप्पर आणि त्याखाली पूर्ण काचेची भिंत. काचेला नाक लावून आत पाहा. मागे पांढऱ्या, बुटक्या, एकसारख्या खोल्यांची रांग आहे. भिंतीचा रंग उन्हाने पापुद्रे धरून सुटतो, दारांच्या खालच्या कडा वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूने घासून उघड्या पडलेल्या असतात. नुसती पाटी टिपून गाडीत बसणारे या खोल्यांपर्यंत येतच नाहीत, आणि माझ्या मते खरं ॲम्बॉय तिथे मागेच आहे. दुरुस्तीचं काम टप्प्याटप्प्याने चालू असतं, तेव्हा दोरी किंवा कुंपण असेल तिथे थांबा.

रस्त्यापलीकडे पोस्ट ऑफिस, थोडं पुढे बंद शाळा आणि चर्च. आणि रूळ. हा बीएनएसएफ रेल्वेचा लॉस एंजेलिस-शिकागो मुख्य मार्ग आहे. कंटेनरच्या मैल-दीड मैल लांब मालगाड्या दिवसरात्र जातात आणि एकही इथे थांबत नाही. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

पेट्रोल, जेवण, मुक्काम, स्वच्छतागृह?

पेट्रोल मिळतं, पण बरंच महाग. टाकी बार्स्टो, नीडल्स किंवा ट्वेंटीनाइन पाम्सला भरून या आणि इथे थोडं टाका. दर बघून तिथल्या माणसावर चिडणाऱ्यांना एवढंच सांगेन की टँकर इथवर किती मैल येतो ते बघा.

दुकानात थंड पेयं, चिप्स, टी-शर्ट, रूट ६६ ची चिन्हं असलेल्या वस्तू मिळतात. ‘रूट ६६’ नावाची रूट बिअर घ्याच. ती दारू नव्हे, मुलांनाही चालते. कॅफेत जेवण मिळत नाही, मोटेलमध्ये राहता येत नाही. पिण्याच्या पाण्याची अडचण हे त्याचं मोठं कारण. डबा घरून न्या. दशम्या, लसणाची चटणी, गुळपोळी असं कोरडं टिकतं. दही-भात उन्हात गाडीत ठेवू नका. स्वच्छतागृह आहे, पण जमलं तर आधीच्या गावात उरकून निघा.

मुक्कामाला ट्वेंटीनाइन पाम्स, बार्स्टो किंवा नीडल्स.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल आणि ऑक्टोबर चालतील. जून ते सप्टेंबर पारा सहज ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि त्या दिवसांत गाडीपासून लांब चालत जाणं जिवावर बेतू शकतं. ‘आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय’ असं म्हणणारे भेटतात. नागपुरात चार पावलांवर सावली असते, पाणी असतं, माणूस असतो. इथे यातलं काहीच नाही. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं उशिरा कळतं.

जुलै ते सप्टेंबर दुपारी अचानक ढग येतात. दूर डोंगरावर पडलेला पाऊस कोरड्या ओढ्यांतून लोंढा होऊन रस्त्यावर येतो. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

पाऊस इथे किती दुर्मीळ आहे याचीही एक नोंद आहे. ॲम्बॉयच्या पश्चिमेला काही मैलांवर बॅगडॅड नावाचं गाव होतं. तिथे ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४ असे सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब पडला नाही. अमेरिकेतला तो विक्रम आहे.

ॲम्बॉय क्रेटर चढता येतं का?

येतं, आणि थंडीत गेलात तर चुकवू नका. गावाच्या पश्चिमेला दोन-तीन मैलांवर फाटा आहे. वाहनतळ, सावलीचे मांडव आणि स्वच्छतागृह आहे, पाणी नाही. जाऊन-येऊन साधारण तीन मैल चाल. हा ज्वालामुखीच्या राखेचा आणि दगडी खडीचा शंकू भोवतालच्या जमिनीपासून सुमारे २५० फूट उंच आहे. सरळ समोरून चढायला जाऊ नका. खडी पायाखालून निसटते आणि डोंगराला कायमचा ओरखडा पडतो. वाट पश्चिमेकडे वळसा घालते. तिथे शंकूची कड फुटलेली आहे, त्या फटीतून आत शिरता येतं. आत तळाशी फिकट चिखलाचं वाळलेलं अंगण आहे, पावसाने धुऊन आणलेल्या बारीक मातीचं. तिथून काठावर चढलं की चहूबाजूंना गोठलेल्या लाव्हाचा काळा पसारा दिसतो.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला बेसाल्ट काही नवा नाही. पण आपला दगड कोट्यवधी वर्षांचा, त्यावर माती चढली, झाडं आली. इथला त्या मानाने अगदी तरुण आहे आणि वाळवंटात असल्यामुळे कालपरवा थंड झाल्यासारखा दिसतो. सुरकुत्या, फुटलेले बुडबुडे, कडा अजून धारदार आहेत. कातडी बूट घाला, सँडल नको. १९७३ मध्ये, म्हणजे गावाचा रस्ता तुटला त्याच वर्षी, या क्रेटरला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१६ पासून भोवतालचा मोठा प्रदेश ‘मोहावे ट्रेल्स नॅशनल मॉन्युमेंट’मध्ये आहे.

रस्त्याच्या दक्षिणेला जे हिरवट-निळे चर दिसतात ते काय?

ब्रिस्टल ड्राय लेक, म्हणजे आटलेलं खारं सरोवर. जमिनीत लांबच लांब चर खणून त्यात खारं पाणी उतरू देतात आणि उन्हाने ते दाट होऊ देतात. त्यातून मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड मिळतं. कॅल्शियम क्लोराइड धुळीच्या रस्त्यांवर धूळ बसवायला आणि थंड प्रदेशांत बर्फ वितळवायला वापरतात. हे चालू कारखान्याचं काम आहे. रस्त्यावरून बघा. चरांच्या काठाशी जाऊ नका, वरचा कोरडा थर फसवा असतो.

रस्त्याकडेच्या मातीच्या बांधावर दगडांनी नावं लिहिलेली असतात. आपण लिहावं का?

ते बांध पुरापासून रस्ता वाचवण्यासाठी आहेत. डोंगरावरून पसरून येणारं पाणी बांधाला अडून लाकडी पुलांकडे वळतं आणि पुलाखालून पलीकडे जातं. १९३० च्या आसपास बांधलेले असे शंभराहून जास्त लाकडी पूल या पट्ट्यात आहेत. प्रवाशांनी बांधाच्या उतारावर काळे दगड मांडून नावं लिहायची रीत जुनी आहे. तुम्हीही लिहा, देवनागरीत लिहिलंत तर छानच. फक्त आसपास सुटे पडलेले दगडच घ्या, बांध उकरू नका, दुसऱ्याचं नाव मोडू नका, बाटल्या आणि रंग वापरू नका. दगड उचलण्याआधी बुटाने हलवून बघा; खाली विंचू असतो, साप असू शकतो.

जुना रस्ता सलग चालू आहे का?

नाही. २०१४ आणि २०१७ च्या पुरांत हे लाकडी पूल बरेच खचले. तेव्हापासून वेगवेगळे तुकडे बंद-चालू होत असतात, विशेषतः ॲम्बॉयच्या पूर्वेला एसेक्सकडे. निघण्यापूर्वी सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची रस्त्यांची यादी बघा. जीपीएसवर विसंबू नका. आणि ‘रस्ता बंद’ असा अडसर दिसला तर बाजूने गाडी काढू नका. पूल वरून धड दिसतो, खालचे खांब गेलेले असतात.

हे पूल नव्या धर्तीचे बांधावेत की जुने लाकडीच दुरुस्त करावेत यावर बरीच वर्षं खल चालू आहे. दुरुस्ती खर्चीक आहे हे मान्य. तरी हे लाकूड हाच या पट्ट्यातल्या जुन्या रस्त्याचा खरा देह आहे. ते काढून काँक्रीट घातलं तर उरेल ती फक्त त्याच नावाची दुसरी सडक.

आसपासची बाकीची गावं?

लडलोला पंप, खाणावळ आणि मोडकळीला आलेली जुनी वस्ती आहे. बॅगडॅड १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडूनच टाकलं. आज शोधूनही सापडत नाही. सर्वांत चटका लावतं ते गॉफ्स. रूट ६६ आधी त्या गावातून जायचा. १९३१ मध्ये एसेक्सहून थेट नीडल्सचा रस्ता झाला आणि गॉफ्स बाजूला पडलं. ॲम्बॉयवर जी वेळ आली ती गॉफ्सवर चाळीस वर्षं आधीच आली होती. तिथली १९१४ ची शाळा स्थानिक वारसा मंडळाने फार प्रेमाने दुरुस्त केली आहे. उघडण्याचे दिवस आधी विचारून जा.

पडक्या इमारतींत शिरून फोटो काढता येतात का?

नाही. सगळी खासगी मालमत्ता आहे. रस्त्यावरून, मोकळ्या अंगणातून हवे तितके फोटो काढा. प्री-वेडिंग किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर मालकांची आगाऊ परवानगी लागते. शाळेच्या खिडकीची फळी ढकलून आत गेलेल्यांचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. छतं कुजलेली आहेत, आणि एक फळी निखळली की पुढच्या पावसात आतलं सगळं जातं. ॲम्बॉयच्या नैर्ऋत्येला मरीन सैन्याचा मोठा सराव तळ आहे. अधूनमधून तोफांचे धडाके ऐकू येतात. तिकडच्या हद्दीत पाऊल टाकू नका, न फुटलेला दारूगोळा असतो.

भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यावं का?

थंडीत जरूर न्या, फक्त क्रेटरवर चढायचा आग्रह नको. ज्यांनी रेल्वेत किंवा एसटीत नोकरी केली आहे त्यांना हे गाव तरुणांपेक्षा लवकर कळतं. स्टेशन का होतं, का गेलं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

किती वेळ ठेवावा?

गावाला दीड तास, क्रेटरला अडीच. दुपारी तीनला पोचून अंधार पडेपर्यंत थांबायचं असं ठरवलंत तर उतरत्या उन्हात डोंगर आणि नंतर पेटलेली पाटी दोन्ही मिळतात. शहराचा उजेड लांब असल्यामुळे अमावास्येच्या आसपास आकाशगंगा स्पष्ट दिसते. रात्री परत जाताना मात्र वेग कमी ठेवा. रस्त्याला दिवे नाहीत आणि डांबराच्या कडा खचलेल्या आहेत.

गाडी कोणती हवी? मध्येच बंद पडली तर?

साधी सेडान पुरते. टायरची हवा आणि स्टेपनी तपासून निघा. माणशी चार लिटर पाणी गाडीत ठेवा, शिवाय रेडिएटरसाठी वेगळं. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि कधीपर्यंत परत येणार ते घरी कुणाला तरी सांगून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर नेण्याबद्दलची अट वाचा. गाडी बंद पडलीच तर ती सोडून चालत निघू नका. बॉनेट उघडून ठेवा, गाडीच्या सावलीत बसा. या रस्त्यावर मोजकीच वाहनं येतात, पण जी येतात ती थांबतात.